चौथ्या उंबऱ्यातलं मडकं

बाईंचा हट्ट एकच होता: उंबरा मी उघडणार. भिंती खणा, चुली खणा, कचऱ्याचे खड्डे उपसा, काय वाट्टेल ते करा. पण नदीकाठच्या त्या हजारेक वर्षांपूर्वीच्या वस्तीत कुठल्या घराचा उंबरा लागला, की हातातला ब्रश खाली ठेवायचा आणि बाईंना हाक मारायची. कारणही तसंच होतं. आजवर तीन घरं उघडली होती आणि तिन्हींच्या उंबऱ्याखाली एकेक मडकं निघालं होतं. पालथं, तोंड जमिनीकडे, आणि आत एखाद्या चिमुकल्या पाखराची हाडं. घर उभं करताना कुणीतरी ते मनोभावे ठेवलं होतं, याबद्दल बाईंच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

शंका होती ती बांधाच्या समितीला. या जागेवरून पुराचा बांध जाणार होता. समितीचे अध्यक्ष, बाईंच्या घरात ज्यांना ‘खडूसकाका’ म्हणत, ते वर्षातून दोनदा यायचे, काठावर उभं राहून उंटावरून शेळ्या हाकायचे आणि जायचे. गेल्या खेपेला म्हणाले होते, “तीन मडकी म्हणजे योगायोग हो. चौथं दाखवा, बांध पलीकडे सरकवतो.”

झालं! त्या चौथ्या मडक्याने बाईंची अन्नावरची वासना उडवली. नवरा याच खोदकामावरचा फोटोवाला. कॉलेजपासूनची जोडी. तो सारखा चिडवायचा, “लग्न माझ्याशी केलंस आणि संसार मडक्यांशी.” चिडवायचा, पण तिचा डबा भरायचा, चष्मा शोधून द्यायचा. आपल्याला असा माणूस मिळाला, हे बाई चारचौघांत कौतुकाने सांगायच्या.

चौथं घर उघडलं आणि नेमकं तेव्हाच आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाईंना जावं लागलं. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याचा फोन आला. “उंबरा लागलाय. मडक्याचं बूड दिसतंय. हात लावलेला नाही, ताडपत्री घातलीय. ये लवकर!” बाई आईला बहिणीवर सोपवून धावतच आल्या. ताडपत्री उचलली तर खरंच, पालथं बूड! बाईंनी सगळ्यांसमोर नवऱ्याच्या गळ्यात हात टाकले आणि खड्ड्यातले लोक हसायला लागले.

आता पाखराची हाडं शोधायची. आधीची तिन्ही मडकी धडधाकट होती, म्हणून ती उचलून आतली माती चाळणीत ओतली होती. हे मात्र एका बाजूने तडकलेलं होतं. बाईंनी तिकडच्या खापऱ्या जागच्या जागी अलगद काढल्या, आतली माती सुरीने सरळ तासली आणि त्यांचा हात थांबला.

पुराचं पाणी शिरलं की आधी जड वाळू तळाला बसते आणि मऊ गाळ तिच्यावर. पुन्हा पूर, पुन्हा खाली वाळू, वर गाळ. हे शेंबडं पोरही सांगेल. या मडक्यात वाळू वर होती आणि गाळ खाली. एकाच थरात नाही, बुडापासून तोंडापर्यंत प्रत्येक थरात! आता पूर काही डोक्यावर उभा राहत नाही. हे मडकं सगळे पूर सुलट बसून प्यायलं होतं आणि कुणीतरी परवा-तेरवा त्याला भरल्या पोटी पालथं घातलं होतं.

बाईंनी सगळ्यांना चहाला पाठवलं. फक्त नवऱ्याला थांबवलं.

“कुणी फिरवलं हे?”

तो कॅमेऱ्याची काच पुसत राहिला. मग म्हणाला, “तुझा तो उतरलेला चेहरा मला बघवेना. एक मडकं फिरवलं गं, कुणाचा खून नाही केला.”

“ते सुलट का ठेवलं होतं, हे आता कोण सांगणार? या घरातल्यांनी देवाकडे काही वेगळं मागितलं असेल. भोवतीची माती तू उकरून टाकलीस.”

“तुझ्यासाठीच केलं ना?”

“माझ्यासाठी? अरे, मलाच फसवून?”

परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या हासडून मोकळा होतो. इथे कुंपणानेच शेत खाल्लं होतं. बाईंना रडूही येईना, नुसती आग आग होत होती. आणि मग ती दुसरी गोष्ट मनात आली. पहिलं मडकं त्यांनी स्वतः काढलं होतं, नवरा तेव्हा तापाने घरी पडून होता. पण दुसरं? तिसरं? दोन्ही वेळेला त्याचीच हाक आली होती, “बूड दिसतंय, ये.”

“आधीची दोन?” त्यांनी विचारलं.

“ती तशीच होती. तुझी शपथ!”

काल हेच शब्द ऐकून बाईंनी डोळे मिटून मान डोलावली असती. आज त्या शपथेचं काय करावं ते त्यांना कळेना. दोन्ही मडक्यांतली माती चाळणीतून कधीच वाहून गेली होती. पाखराची हाडं तर काय, कुणीही आत सारू शकतं. पुरावा म्हणून उरले होते ते फोटो, आणि फोटो यानेच काढलेले.

सकाळी खडूसकाका आले. आज स्वारी खुशीत होती. “काय बाई, चौथं मिळालं म्हणे! जिंकलात!”

नवरा पलीकडे उभा होता. त्याने मान अगदी किंचित हलवली, नको म्हणून.

“मिळालं,” बाई म्हणाल्या, “पण ते सुलट होतं. यांनी पालथं केलं.”

काकांचं हसू मावळलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. “मग आधीची तीन?”

बाईंनीही नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पुन्हा ‘शपथ’ म्हणत होते. खरंही असेल. पण आता त्यांना ते कधीच कळणार नव्हतं.

“एकाची खात्री मी देते,” त्या म्हणाल्या. “ते माझ्या हाताने निघालंय.”

“अहो, पण एक म्हणजे...”

“योगायोग,” बाई म्हणाल्या आणि खड्ड्यात उतरल्या. नवरा ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला पुढे झाला, तसा त्यांनी हात आडवा केला आणि दोन्ही टोकं स्वतःच ओढून घेतली.