हलका हात

शाळा सुटायच्या वेळी स्टाफरूममध्ये सपना मॅडम रत्नमालाच्या खुर्चीजवळ आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या की रविवारी घरी येताना सहा अंडी घेऊन या. पैसे देते. त्यांनी स्वतः शेलूबाजारच्या चौकातून अंडी नेली तर बभ्रा होईल म्हणे. सासरे माळकरी होते. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, सपना मॅडम दर महिन्याला अकोल्याला जाऊन हॉटेलात ऑम्लेट हाणून येतात हे अर्ध्या शाळेला ठाऊक, पण चौकात मात्र माळेची शान राखायची. आणि ती कोणी राखायची, तर रत्नमालानं.

कारण काय, तर वॉफल. मॅडमच्या पुण्याच्या नणंदेनं दिवाळीला वॉफलचं यंत्र पाठवलं होतं, आणि आता ती नणंद रविवारी येऊन विचारणार होती की वहिनी, वापरता का. मॅडमनी दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा चपलेचा तळवा निघाला. त्यावर जाळीची नक्षी तेवढी झकास उठली होती.

रत्नमालाला वॉफल येत होते, कारण तिचा मुलगा संघदीप नागपूरच्या एका हॉटेलात नाश्त्याच्या कामावर होता आणि सुटीत येऊन त्यानं आईला शिकवले होते. गेल्या महिन्यात तिनं ते डबा भरून स्टाफरूममध्ये नेले. सगळ्यांनी खाल्ले. सपना मॅडमनी आपला कागदात गुंडाळला आणि म्हणाल्या, घरी खाते. तो काही त्या खाणार नव्हत्या. अकरा वर्षं एका टेबलावर बसून त्या बाईनं बौद्धाच्या घरचा घास तोंडात घातला नव्हता. कधी दाढ दुखे, कधी पित्त होई, कधी चतुर्थी असे. कॅलेंडरात महिन्याला दोन चतुर्थ्या येतात, मॅडमला पाच-सहा येत. पण तो वॉफल त्यांच्या मुलीला, वैभवीला पर्समध्ये सापडला, तिनं खाऊन टाकला आणि आईच्या मागं लागली की असाच कर. म्हणून आता रत्नमाला आठवली.

घरी प्रसेनजितनं, म्हणजे नवऱ्यानं, ऐकून घेतलं आणि विचारलं, "कायले जातं तू? अंड्याले कवच असते म्हणून त्याले इटाळ नाई लागत. तुह्या हाताले थोडीच कवच हाय."

रत्नमाला म्हणाली, पाहून येते. तिला एवढंच पाहायचं होतं की त्या घरात आपला हात पिठाला लागू देतात की नाही, आणि लागला तर ती बाई ते खाते की नाही. अकरा वर्षं ही गोष्ट तिला सलत होती. सलते हे कबूल करायचीही तिला लाज वाटे, कारण जिच्या घासाची वाट पाहावी अशी ती बाई मुळीच नव्हती.

रविवारी मॅडमनी तिच्यासाठी खुर्ची टाकली, ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. "तुमी नुसतं सांगा मॅडम, तुमाले कायले तरास," म्हणाल्या. अंडी पिशवीतून काढून नळाखाली दोनदा धुतली. अंड्यांना सोवळं नेसवताना रत्नमालानं पहिल्यांदाच पाहिलं. तिला हसू आलं.

मग तिनं बाहेरून सांगायला सुरुवात केली. मैदा, थोडं कॉर्नफ्लॉवर, बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, साखर. दुसऱ्या भांड्यात दूध, वितळलेलं लोणी आणि अंड्याचं पिवळं. पांढरं वेगळं काढायचं, भांडं उपडं केलं तरी पडणार नाही इतका फेस करायचा, आणि तो फेस शेवटी पिठात अलगद मिसळायचा. वॉफल फुलतो तो त्या फेसावर, बाकी सगळं वरकड. पहिल्या दोन अंड्यांचं पिवळं फुटून पांढऱ्यात पडलं आणि फेस काही चढेना. दुसऱ्या दोनांचा चढला, तर बाईंनी पिठलं घोटावं तसा तो पिठात घोटला. रत्नमाला दारातून सांगत होती, घोटू नका, खालून घ्या, वर टाका, भांडं फिरवा. बाई हो हो म्हणत घोटतच होत्या. बी.एड. झालेली बाई, पोरांना म्हणते लक्ष देऊन ऐका. यंत्रातून तिसऱ्यांदा तळवा निघाला.

दोन अंडी उरली आणि नणंदेचा फोन आला की अर्ध्या तासात पोचते. सपना मॅडमच्या कपाळावर घाम आला. त्यांनी एकदा भांड्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं.

"या ना आत," त्या म्हणाल्या. "तुमीच घ्या हातात."

रत्नमाला उठली, हात धुतले आणि आत गेली. तिनं पांढरं घुसळलं, चमच्याच्या कडेनं पिठाच्या मधोमध उतरली, तळातून उचलून वर आणलं, भांडं थोडं फिरवलं, पुन्हा उतरली. पिठात फेसाच्या पांढऱ्या रेषा राहिल्या तिथंच थांबली. मॅडम बघत होत्या. त्यांच्या तोंडून खरंखुरं कौतुक निघून गेलं, "तुमचा हात लय हलका हाय हो," आणि शब्द निघून गेल्यावर त्यांचा चेहराच उतरला. हलका हात हा गुण झाला, पण हलकं माणूस म्हणजे कोण, याबद्दल त्यांच्या घरात काय बोललं जात होतं, ते रत्नमालाला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं पीठ यंत्रात ओतलं. वाफ थांबेपर्यंत तिनं झाकण उघडलं नाही, आणि निघालेले वॉफल मऊ पडू नयेत म्हणून चाळणीवर सुटे सुटे ठेवले.

नणंद आली, काकवी घालून दोन वॉफल खाल्ले आणि म्हणाली की पुण्यात दोनशे रुपये देऊन असा मिळत नाही. कोणी केले असं तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुमच्याच मशीनवर केले. मशीनलाच हात फुटले जणू. मग नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही घ्या ना. मॅडम म्हणाल्या, मी मागून घेते. नणंदेनं ऐकलं नाही, अर्धा तोडून सरळ त्यांच्या हातात दिला. पुण्याच्या नणंदेपुढं दाढ दुखत नाही. मॅडमनी रत्नमालाकडं न पाहता पहिला घास औषधासारखा गिळला. दुसरा चावला. तिसऱ्या घासाला बशीतली काकवी बोटानं पुसून घेतली आणि दुसरा वॉफल उचलला.

रत्नमाला पाहत होती. तिला वाटलं होतं छाती भरून येईल. काही आलं नाही. समोर एक बाई अधाशासारखी खात होती, एवढंच होतं ते. ह्याच्यासाठी आपण अकरा वर्षं झुरलो, असं तिच्या मनात आलं आणि तिला मॅडमपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

ती निघाली तेव्हा मॅडम फाटकापर्यंत सोडायला आल्या. पुन्हा एकदा येजा, ते मिसळणं शिकवून द्या, म्हणाल्या.

"ते सांगून येत नाई," रत्नमाला म्हणाली. "माह्या घरी या, माह्या गंजात पीठ कालवून शिका. अन् जे होईल ते तिथंच बसून खा."

मॅडम हसल्या, म्हणाल्या, हो ना, येऊ कधीतरी, आणि रस्त्यावर कोण आहे ते पाहू लागल्या.

सोमवारी मधल्या सुटीत रत्नमालानं डबा उघडला. अकरा वर्षं ती आधी डबा मॅडमपुढं सरकवत होती आणि घ्या ना म्हणत होती. त्या दिवशी तिनं सरकवला नाही. सपना मॅडमचा स्वतःचा डबा उघडायचा राहिलाच, आणि त्यांनी दोनदा तिकडं पाहिलं. रत्नमालानं भाकरीचा तुकडा मोडला आणि निवांत जेवायला लागली.