पाय टेकतील तिथवर

"आता कयाकसकट पालथा हो," मोन्स म्हणाला. "पाय तळाला टेकवायचे नाहीत. बाहेर पड, कयाक सुलटी कर आणि एकट्याने वर चढ. जिच्यात चढशील ती तुझी."

हालवारने मान हलवली आणि स्वतःला पुन्हा एकदा पाण्यात लोटून दिलं.

एकट्याने वल्हवायच्या या होड्या मोन्स विकायचा; आधीच्या दोन कयाक त्याच्या दुकानासमोरच्या उतारावर निथळत पडल्या होत्या. पहिली लांबलचक आणि अरुंद, त्याच्या जुन्या कयाकसारखी. ती त्याने हट्टाने मागितली आणि तिने त्याला जवळ उभंही केलं नाही. दुसरी जरा रुंद होती. तिच्यावर तो पोटापर्यंत चढला आणि ऐन वेळी डावा हात सुटला. ही तिसरी पिवळी, ढब्बी, पर्यटकांना तासाच्या भाड्याने देतात तसली. तिला बघून तो म्हणाला होता, "ही कयाक आहे की आंघोळीचा टब?"

"टब तर टब," मोन्स म्हणाला होता. "परत चढता आलं म्हणजे झालं."

हालवार आमच्या बेटावरची बस चालवायचा. गेल्या शरदात त्याला अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, वाकडा झालेला चेहरा सरळ झाला, डावा हात मात्र अर्धाच परत आला आणि बस चालवायचा परवाना गेला तो गेलाच. तेव्हापासून गाडी त्याची बायको सिगरून चालवते, औषधं तीच देते, घाईच्या दिवशी बुटाच्या नाड्याही तीच बांधते. दिवसभर कुणीतरी सोबत असलं की भल्याभल्या गोड माणसाचाही जीव गुदमरतो, आणि हालवार गोड कधीच नव्हता. झटक्याआधी रोज सकाळी तो एकटा कयाक घेऊन समुद्रातल्या सीलच्या खडकाला वळसा घालून यायचा. तो तास त्याला परत हवा होता. डॉक्टर म्हणाले, वल्हव की, हाताला चांगलंच आहे. पण एकटा जाणार असशील तर पडल्यावर एकट्याने चढता आलं पाहिजे. लेक मारित फोनवर आईला म्हणाली, "नाही जमलं आणि तरी तू बाबांना सोडलंस, तर माझ्याशी बोलू नकोस."

मोन्सने सिगरूनला छातीपर्यंतची रबरी विजार चढवून पाण्यात उभं केलं होतं. काही झालंच तर असावी म्हणून. हात मात्र लावायचा नाही, हे त्याने दोनदा बजावलं होतं.

हालवारने कयाक सुलटी केली. छाती तिच्या पाठीवर टाकली, पाय मारले. डावा पंजा कयाकच्या कडेच्या दोरीवरून घसरायला लागला. त्याच्या घशातून लहान मूल रडायच्या आधी करतं तसा आवाज आला. तेवढ्यात वर दुकानातून कुणीतरी जीवरक्षक जाकिटाची किंमत विचारली आणि मोन्सने मान वळवली. सिगरूनचा हात पाण्याखालून गेला आणि त्याच्या मांडीला वर रेटा दिला. तिने ठरवलं वगैरे नव्हतं. उतू जाणाऱ्या दुधाकडे हात जातो, तसा गेला.

हालवार आत बसला होता.

"पाहिलंस का?" तो ओरडला.

"पाहिलं की," मोन्स म्हणाला. त्याने काहीच पाहिलं नव्हतं.

पिवळी कयाक घेऊन घरी येईपर्यंत हालवार तेच पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू सिगरून तिथे नव्हतीच. आल्या आल्या त्याने मारितला फोन लावला. "एकट्याने चढलो, पोरी. टबात का होईना." पलीकडे मारित रडायला लागली. सिगरून वाफल भाजत होती, एक करपलं. तेही त्याने तपकिरी चीज लावून आवडीने खाल्लं आणि म्हणाला, "उद्या सकाळी सीलचा खडक."

सकाळी तो होडीघराच्या दारात पाण्यात घालायच्या सूटची चेन ओढत उभा होता. रात्रभर डोळ्याला डोळा न लागलेली सिगरून मागून आली.

"हालवार, काल मी ढकललं होतं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मग मला काय माशाने ढकललं वाटलं होय? तुझा हात मला कळत नाही?"

"आणि मारितला काय सांगत होतास?"

"तिला ऐकायचं होतं ते."

"म्हणजे तू जाणारच होतास? आणि तिकडे पालथा झालास तर?"

"झालो असतो," तो म्हणाला. पुढचा थांबा कुठला हे सांगावं तशा आवाजात.

सिगरूनला आधी भीती वाटायला हवी होती, पण तिला राग आला. हा माणूस मरायला तयार होता आणि त्याआधी दोन अंडी व्यवस्थित खाऊन निघाला होता.

"मग मी काय सांगायचं लोकांना? एकट्याने चढायचा तो, मी साक्षीला होते?"

"वर्षभरात मी एकटा कुठे गेलोय ते सांग," हालवार म्हणाला. "संडासात गेलो तरी तू दारावर टकटक करून विचारतेस, बरा आहेस ना म्हणून."

आज सकाळीही तिने विचारलं होतं.

"चल," तो म्हणाला. "हात मागे बांध आणि बघ."

होडीघराच्या धक्क्याजवळच्या पाण्यात तो पालथा झाला. सिगरूनने पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता. तो चढला नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. नंतर तो छातीभर पाण्यात नुसताच उभा राहिला, पिवळ्या कयाकवर कपाळ टेकून. सिगरून धक्क्यावर होती, तीन पावलांवर. ती उतरली नाही. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं.

बऱ्याच वेळाने त्याने डोकं वर केलं. "पाय टेकतील तिथवर जाईन. त्यापलीकडे नाही."

"बरं."

"पण तू बघायचं नाहीस. खिडकीतूनसुद्धा नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली.

आता रोज सकाळी हालवार होडीघरापासून फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत काठाकाठाने वल्हवत जातो आणि तसाच परत येतो. पोहायला आलेली पोरं त्याच्या शेजारून पाण्यातून चालत जातात. फेरीबोटीवरचा कुणीतरी हाक मारतो, "काय हालवार, बसचा मार्ग बदलला का?" तो नजर समोरच ठेवतो, ताठ बसून, मोठ्या समुद्रात असल्यासारखा.

सिगरून त्या वेळी स्वयंपाकघरात बटाटे सोलते. खिडकी उघडी, कितीही गारठा असो, आणि खिडकीकडे पाठ. वल्ह्याचा आवाज जातो, येतो. कधीकधी तो मध्येच थांबतो. तेव्हा तिच्या हातातली सुरीही थांबते. ती वळून बघत नाही. पुन्हा आवाज सुरू झाला की उरलेला बटाटा सोलते.