दोन हातांची तबकडी

सकाळी सव्वाअकरा वाजता बाबांचा अंगठा थांबला. घड्याळाची तबकडी तेव्हा निम्मी कोरून झाली होती.

आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. घरामागच्या लांबट खोलीत कोरकाम चालू असलं की बोलायचं नाही, हा या घराचा नियम. डाव्या हाताने यंत्राचं हँडल फिरवायचं, उजव्या अंगठ्याने पातं चांदीच्या चकतीवर दाबून धरायचं आणि एक नागमोडी रेघ पुरी होईपर्यंत श्वास रोखायचा. हँडल कोणीही फिरवेल. अंगठ्याचा दाब शिकण्यात मात्र अर्धं आयुष्य जातं. बाबांनी एक रेघ पुरी केली, अंगठा उचलला आणि तो पुन्हा खाली येईना. थरथरत होता.

"मास्तर," त्यांनी लेकीला हाक मारली. दुसरीत असताना तिने भर दुकानात गिऱ्हाइकासमोर त्यांचं घड्याळ मागे पडल्याचं सांगितलं होतं, तेव्हापासून ती मास्तर. "बस इथे. चकती हलवू नकोस."

हे सांगायची गरज नव्हती. चकती एकदा यंत्रातून काढली की तिचा मध्य पुन्हा जसाच्या तसा सापडत नाही. ती त्यांच्या जागेवर बसली, हँडल धरलं आणि उरलेली तबकडी जेवणाच्या वेळेपर्यंत कोरून मोकळी झाली. हात एकदाही अडखळला नाही. बाबा मागे स्टुलावर बसून होते. शेवटची रेघ संपली तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले. या "हं"साठी तिने कितीतरी फसलेल्या तबकड्या भंगारात घातल्या होत्या.

घोळ कळला तो खिडकीपाशी.

तिने तबकडी उजेडात धरली. बाहेरचा भाग लखलखला, आतला काळा पडला. जरा कलती केली, तर आतला पेटला आणि बाहेरचा विझला. मध्ये गोल शिवण, अगदी स्वच्छ.

"पातं कुठलं लावलंस?" बाबांनी विचारलं.

तिने यंत्राकडे पाहिलं. बाबांचं पातं बाजूच्या फडक्यावर पडलं होतं. यंत्रात तिचं होतं. रोज यंत्रावर बसलं की आधी बाबांचं पातं काढायचं आणि आपलं लावायचं, ही तिच्या बोटांची सवय. दुसऱ्याच्या उशीवर डोकं टेकवण्याआधी अभ्रा बदलावा तशी. पातं ज्याने त्याने आपल्या हाताने दगडावर घासायचं. त्यांचं एका बाजूला किंचित कललेलं, तिचं दुसऱ्या. म्हणून एका तबकडीला एकच पातं, हा नियम तिला पाठ होता. बोटांना नव्हता.

"झालं का वाटोळं?" आत्या दारातून म्हणाली. दुकानाचा पुढचा काउंटर, फोन आणि भावाचा राग, तिन्ही तिच्याकडे होते.

"वाटोळं नाही," लेक म्हणाली. "एकीच्या दोन तबकड्या झाल्यात."

"वा! एकावर एक फुकट."

बाबा हसले नाहीत. हे घड्याळ ज्याचं, तो बंदरात मोठी जहाजं आत आणणारा पायलट होता. दोन वर्षं तो थांबला होता, ते बाबांच्या हातासाठी. त्याच्या मागे रांगेत उभे असलेलेही सगळे बाबांच्या हातासाठीच थांबले होते. तो हात आज गेला. पायलटने लेकीचं काम नाकारलं तर बाकीच्यांना वाऱ्यावर सोडून यंत्रावर कापड टाकायची वेळ येणार होती.

"ही वितळव," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "नवी चकती घे. माझं पातं लाव आणि पहिल्यापासून तू कोर. माझ्या पात्याने कोरलेलं माझंच दिसेल. कोणाला पत्ता लागणार नाही."

"मला लागेल."

"तू गिऱ्हाईक आहेस का?"

"मग त्या रांगेतल्या प्रत्येकासाठी मी तुमचं पातं लावू? मी साठीची होईपर्यंत?"

"साठीची झालीस की बघू."

"बाबा, आतल्या रेघा बघा. माझ्या आहेत म्हणून नाही. नुसत्या बघा."

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. आत्याने फोन वाजू दिला, उचलला नाही. इतकी शांतता ती एरवी फक्त परीक्षेच्या निकालाला पाळायची.

"चूक आहे," बाबा भिंग काढत म्हणाले. "पण रेघेत खोट नाही." मग भिंग फडक्याने पुसत, "बाहेरच्या शेवटच्या दोन रेघांत माझी थरथर आली आहे. ती तुला दिसली होती?"

"दिसली होती."

"बोलली नाहीस."

"कोरताना बोलायचं नाही ना."

आत्या पदराआड हसली. तबकडी वितळवली नाही. ती घड्याळात बसली, काटे चढले, काच लागली. एकच काम मुद्दाम बाकी ठेवलं: सहाच्या आकड्याखाली कोरणाऱ्याचं नाव येतं, ती जागा मोकळी राहिली. नाव शेवटी, काच उतरवून कोरता येईल, असं लेकीने ठरवलं आणि बाबांनी त्यावर वाद घातला नाही.

ठरल्या दिवशी दुपारी पायलट आला. उंच, उन्हाने रापलेला, बसायला सांगितलं तरी उभाच राहणारा. लेकीने घड्याळ त्याच्या हातात देण्याआधीच सांगून टाकलं. "बाहेरचं काम बाबांचं आहे, आतलं माझं. पाती वेगवेगळी लागली, म्हणून उजेड वेगळा पडतो. ती माझी चूक. काम मात्र दोन्हीकडे चोख आहे. नको असेल तर तसं सांगा, राग नाही."

"अगं, आधी पाणी तरी विचार त्याला," आत्या पुटपुटली.

पायलटने घड्याळ घेऊन मनगटावर धरलं, कलतं केलं, सरळ केलं, पुन्हा कलतं केलं. उजेड आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरला.

"तुमचा हात आता चालणार नाही?" त्याने बाबांना विचारलं.

"हँडल फिरवायला चालेल. अंगठा गेला."

"आणि हिचा?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं नाही. "मी हिला शिकवलं. पुढचं ती स्वतः शिकली. ते मला येत नाही."

लेकीने टेबलावरचा ब्रश उचलून उगाच जागेवर ठेवला.

"दुकानातल्या उजेडात मी काही ठरवत नाही," पायलट म्हणाला. "उद्या पहाटे एक जहाज आत घ्यायचंय. पाण्यावरच्या उजेडात बघतो. मग येऊन सांगतो, ठेवतो की परत करतो. आणि ठेवलं, तर खाली नाव कोणाचं, तेही तेव्हाच."

"बुडवू नका म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

"जहाज की घड्याळ?"

"आमचं जहाज म्हणजे हे घड्याळच."

तो घड्याळ बांधून गेला.

दुसऱ्या दिवशी लेक नेहमीच्या वेळी मागच्या खोलीत गेली. यंत्रात रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाची कोरी चकती बसवलेली होती. पात्याच्या जागी तिचं पातं होतं. ते तिने लावलं नव्हतं. बाबा डाव्या बाजूला, हँडलपाशी, स्टूल ओढून बसले होते.

"त्याचा निरोप आला?" तिने विचारलं.

"नाही. बस."

ती बसली. बाबांनी हँडल फिरवलं, तिने अंगठा टेकवला. पुढे दुकानात फोन वाजला आणि आत्याने उचलला. काय बोलणं झालं ते आत ऐकू आलं नाही. रेघ अजून पुरी व्हायची होती.