आईने खोडलेली पत्रं

टण्ण करून चमचा फरशीवर पडला आणि भुंग्याने झोपेतच कूस बदलली. मी श्वास रोखून बसले. माझी लेक चार वर्षांची, जागेपणी अखंड गुणगुणते म्हणून भुंगा. तिची दुपारची झोप दीड तासाची, आणि माझं म्हणून जे काही काम असतं ते त्या दीड तासात.

"हातातून निसटला गं," आई स्वयंपाकघरातून कुजबुजली. धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती.

निसटणारच, तिचं लक्ष कुठे होतं! मी सहा महिन्यांची असताना तिला परदेशातल्या इस्पितळात नोकरी लागली आणि मला तिच्या धाकट्या, मूलबाळ नसलेल्या बहिणीकडे ठेवून ती गेली. तीन वर्षं मावशी तिला जवळजवळ रोज ईमेल लिहायची. दात आला, ताप उतरला, आज भिंत धरून उभी राहिली. पुढे दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, आणि एका रात्री आईने रागाच्या भरात ती सगळी पत्रं निवडून खोडून टाकली. भांडण मिटलं. पत्रांचं मात्र तिने मावशीला कधी सांगितलं नाही.

आता सोमवारी मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. "पंधरा दिवस पडून काय करू, ताई? माझी पत्रं छापून आण, वाचत पडेन," असं ती फोनवर म्हणाली होती. तिचं स्वतःचं ईमेलचं खातं केव्हाच बंद पडलेलं. आज शनिवार.

भुंगा होण्याआधी मी पोटापाण्यासाठी हेच करायचे: जुने ईमेल एका साच्यातून काढून दुसऱ्यात घालायचे. आईचा जुना प्रोग्रॅम सगळी पत्रं एकाच लांबलचक फाईलमध्ये एकाखाली एक लिहीत जायचा. नव्याला प्रत्येक पत्राची वेगळी फाईल लागते. मी फाईल घातली, बटण दाबलं. एकेचाळीस पत्रं निघाली. सगळी विमा कंपनीची आणि इस्पितळातली.

"बघ," आई दारात येऊन म्हणाली. "म्हटलं नव्हतं? आता तिला काय सांगू, तुझी तीन वर्षं मी पुसली म्हणून?"

पण मला ती फाईल जड वाटत होती. एकेचाळीस साध्या पत्रांना फार तर दोन-तीनशे केबी लागावेत. ही सहा एमबीची होती.

"आई, तो प्रोग्रॅम तुला मधूनमधून विचारायचा का, जागा मोकळी करू का म्हणून?"

"विचारायचा मेला. सारखा."

"मग तू काय करायचीस?"

"काय करणार? 'नंतर' दाबायचे. ड्यूटीवरून आलेल्या माणसाला कुठला वेळ?"

कॉम्प्युटरने काहीही विचारलं की 'नंतर'. या सवयीवरून मी आईला किती बोलले असेन त्याला गणती नाही. त्या दुपारी मात्र तिचे ओले हात धरून नाचावंसं वाटलं. तो प्रोग्रॅम पत्र खोडतो म्हणजे त्याच्या माथ्यावर एक खूण करतो आणि ते लपवतो, इतकंच. खरं पुसणं व्हायचं ते 'हो' म्हटल्यावर. आई सव्वीस वर्षांत एकदाही 'हो' म्हणाली नव्हती.

मी बारा ओळी लिहिल्या: माथ्यावरची खूण दिसली की काढ, मग पत्र वेगळं कर. पहिल्यांदा चुकल्या. बोटं चार वर्षांत गंजली होती. दुसऱ्यांदा पत्रांचा आकडा हलला. शंभर. चारशे. आई माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. एक हजार बहात्तरवर तो थांबला.

आईने हात कोरडे केले. मग तिने फोन उचलला आणि, मला वाटलं होतं त्याच्या उलट, आधी खरं सांगून टाकलं. मावशीचा आवाज मलाही ऐकू आला.

"मला माहीत होतं गं. रागात तू ताटल्या फोडतेस, पत्रं बरी ठेवशील?"

"आणि तरी छापून आण म्हणालीस?"

"म्हटलं, बघू किती बहाणे करतेस. अठरा केलेस. आता मोठ्या अक्षरांत छाप."

आई हसत होती, डोळे पुसत होती. मीही. एवढ्या वर्षांनी मला कामात असं यश आलं होतं, आणि कौतुक करायला कुणी साहेब नव्हता, ते बरंच झालं.

हसण्याने भुंगा उठलाच. पांघरूण ओढत आला आणि माझ्या मांडीवर चढला. "काय वाचतेस? मोठ्याने वाच."

समोर जे उघडं होतं तेच वाचलं. रोमन अक्षरांतलं मराठी, एकही विरामचिन्ह नाही.

"ताई आज तिने मला आई म्हटलं मी म्हटलं नाही सोन्या मी मावशी अकरा वेळा शिकवलं बाराव्यांदा मावशी म्हणाली तू काळजी करू नकोस"

आई खिडकीकडे वळली. भुंग्याने पडद्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"मग आई," भुंग्याने मला विचारलं, "मावशीआजीला आई कोण म्हणणार होतं?"