स्पिरिटचा बोळा

“काका, तारेच्या टोकाला काय लावलंत?”

मृत्युंजयचा हात थबकला. चिमटीत स्पिरिटचा ओला बोळा होता.

“पुसलं की, ताई. धूळ बसली व्हती.”

शिवलीला मटकन स्टुलावर बसली.

मृत्युंजयची उभी हयात टेलिफोनच्या काचतारा, प्रकाश वाहून नेणाऱ्या, जोडण्यात गेली होती. तार सोलायची, स्पिरिटने पुसायची, मगच कापायची. त्या हातासाठीच कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्याला बोलावलं होतं. पण ही तार वेगळी. हिच्या पोटात केसाहून बारीक छिद्रं, आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं स्पिरिट त्यांतून आत चढतं. शिवलीलाने हे बजावलं होतं. डोक्याला ठाऊक होतं, मेल्या हाताला नव्हतं.

लेसरचा एकाच रंगाचा प्रकाश या तारेत शिरला, की जवळजवळ पांढरा होऊन बाहेर पडे. त्यात सगळे रंग येत, निळा तेवढा रुसलेला. त्याच्यासाठी शिवलीलाने तार ज्योतीवर ओढून मध्ये आणखी बारीक केली होती. कितीतरी तुटल्या, तेव्हा ही एक साधली. दुपारी बाहेरचे परीक्षक यायचे होते. निळा दिसला तरच तिचा प्रबंध पुढे सरकणार होता.

“ओलं तेवढं कापून टाकू की.”

“ओल बारीक भागात गेलीय, काका. तोच कापला तर उरलं काय?”

तरी दुपारी परीक्षकांसमोर तिने लेसर लावला. पडद्यावर मरतुकडा लाल ठिपका उमटला. परीक्षकांनी तो पाहिला आणि “पुढच्या वर्षी बघू” म्हणून ते निघून गेले. शिवलीलाचे मार्गदर्शक सर तापले.

“कुणी वाट लावली तारेची?”

मृत्युंजयने तोंड उघडलं, पण शिवलीला आधी बोलली.

“माझ्याच हातून झालं, सर.”

आणि तो गप्प राहिला. पोरीने आपला गुन्हा डोक्यावर घेतला आणि आपण खांबासारखे उभे राहिलो, या लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार पेठेतल्या घरी त्याची बायको गुरम्मा उंबऱ्यातच वाट बघत होती. गेले कित्येक दिवस जेवताना तो त्या निळ्या रंगाशिवाय दुसरं काही बोललाच नव्हता.

“व्हय वो, आला का निळा?”

तिच्या तोंडाकडे पाहून त्याला खरं सांगवेना.

“आला की.”

“कसा दिसला?”

“लई ब्येस. तुझ्या लग्नातल्या इरकल लुगड्यावानी.”

“आगं बया!” गुरम्मा हरखली. “पोरीनं लई कष्ट काढले. उद्या जेवायला घेऊन या तिला. गव्हाची गोड हुग्गी करते.”

मृत्युंजय काहीतरी पुटपुटला. ते तिला ऐकूच गेलं नाही. ती आत जाऊन हुग्गीसाठी गहू निवडायला बसली होती.