चाकांवरचं घर

"इम्याच्या साहेबानं इचारलं तर सांगाचं, आमी दोगं नवराबायको आत निजलो व्हतो. भरती आली, जीव घेऊन पलालो. येवढंच. जास्त बोलाचं नाय."

रंगू हे सगुणेला पुन्हा पुन्हा पढवत होती, आणि रंगूला मागून तिचा नवरा बुधाजी पढवत होता. धाकट्या भावाच्या बायकोशी मोठ्या दिराने तोंडावर बोलायचे नाही, ही रीत त्याने आजवर पाळली होती. तिला खोटे बोलायला लावतानाही तो ती पाळत होता. सगुणा मान खाली घालून तांदूळ निवडत होती. ओटीच्या कडेला बसलेला तिचा नवरा, धर्माजी, हे सगळे ऐकत होता.

अंगणापलीकडे त्याचा ट्रक उभा होता. खाडीच्या चिखलातून बैलांनी ओढून आणलेला. दारातून सडक्या सुकटीचा असा भपकारा येत होता, की गावातली कुत्रीही जवळ जाऊन परत फिरत होती. आणि हा सगळा घाणेरडा प्रकार कोणी परक्याने नव्हे, सख्ख्या भावाने केला होता.

दुसऱ्या महायुद्धात धर्माजी फौजेत ट्रक चालवत होता. लढाई संपली, फौज सुटली, आणि सरकारने उरलेल्या गाड्या लिलावात काढल्या. कल्याणच्या बाजूला मैदानात ट्रकच ट्रक उभे होते. बाकीची गिऱ्हाइके टायर ठोकून बघत होती, इंजिनात डोके घालत होती. धर्माजीने तेही केले. पण पसंत पडलेल्या ट्रकात तो मागून चढला आणि चक्क फळ्यांवर पाठ टेकून आडवा झाला. हात पसरले, पाय ताणले. दोघे मावतात की नाही, हे त्याला पाहायचे होते. लिलाववाला खो खो हसला. हसेना का! लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि या जोडप्याला निजायला खोली नव्हती. धर्माजी ओटीवर पुरुषांत, सगुणा माजघरात जावांमध्ये. "पोरबाल नाय त्यांना, खोली कशाला व्हवी?" असे रंगू एकदा पाहुण्यांसमोर बोलली होती. ते सगुणेने ऐकले होते.

रेवसच्या बाजूला मचवे बांधणाऱ्या हरेश्वर सुताराने ट्रकाच्या आत घर उभे केले. निजायला रुंद बाक, भांड्यांना फळी, दोन्ही अंगांना वर उघडणाऱ्या झापाच्या खिडक्या. आधी नाशिक, मग जमेल तसे काशीपर्यंत जायचे, असे नवराबायकोने ठरवले होते. सगुणेने अलिबागच्या पुढचा मुलूख पाहिलेला नव्हता.

अलिबागेला विमा उतरवताना मुंबईच्या कंपनीच्या कर्णिकांनी चष्म्यावरून पाहत विचारले होते, "भाड्याने माल वाहणार?"

"नाय साहेब. आत ऱ्हानार."

"राहणार? ट्रकात?" कर्णिक हसले. "बरं बाबा. पण एक सांगून ठेवतो, भाड्याचा माल भरलास तर आमची जबाबदारी संपली."

हे धर्माजीने घरी आल्यावर सगळ्यांना बसवून सांगितले होते. पण बुधाजीच्या डोक्यात विमा म्हणजे ताईत. पैसे भरले, बांधला, आता गाडीला काही होणार नाही. देवापेक्षा पक्का, कारण देव पावती देत नाही!

ट्रक दारात आला, तरी सगुणेला त्यात निजणे काही घडले नाही. आधी रंगूला देवाला नारळ द्यायचा होता. मग पितृपंधरवडा लागला. मग भातकापणी, मग झोडणी. रोज नवे निमित्त. एवढी कामाची बाई घराबाहेर निजली, तर पहाटे चूल कोण पेटवणार, हे खरे कारण. ते कोणी बोलत नव्हते.

अशातच धर्माजी खिडक्यांच्या काचा आणायला लाँचने मुंबईला गेला. त्याची पाठ वळताच बुधाजीने व्यापाऱ्याची सुकट पेणला पोचवायचे भाडे ठरवले. गाडी चालवायला बुधाजीचा मुलगा सदा होता. त्याला धर्माजीनेच शिकवले होते. ओहोटीला मालाचा मचवा चिखलात बसला की बैलगाड्या थेट त्याच्या कुशीला नेऊन माल भरायचा, ही या किनाऱ्याची वहिवाट. बुधाजीने ट्रकही तसाच खाडीत उतरवला. गोण्या भरल्या, आणि त्या धुडाची चाके आसापर्यंत रुतली. सदा म्हणाला, गोण्या उतरवू, गाडी हलकी करू. बुधाजी म्हणाला, "घाबरतंस कशाला? इमा हाय ना!" भरती कोणाचा विमा बघते? पाणी इंजिनावरून गेले.

कर्णिक दुपारी आले. ट्रकाजवळ जाताच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"ही एवढी सुकट?"

बुधाजी हात जोडून पुढे झाला. "परवासाची शिदोरी, साहेब. काशीला निंगाले व्हते ना."

गोण्या फुटून सुकट खिडकीपर्यंत साचली होती. एवढ्या शिदोरीवर अख्खे गाव काशीला जाऊन आले असते. कर्णिकांना ते कळत नव्हते असे नाही. पण रेवसला मुंबईची लाँच गाठायची होती, वास सोसवत नव्हता, आणि कंपनीचे पैसे काही त्यांच्या खिशातले नव्हते. ते धर्माजीकडे वळले. "तुम्ही सांगा. तुम्ही दोघं आत राहत होता? त्या दिवशीही आतच होता?"

धर्माजीने बुधाजीकडे पाहिले. पैसे मिळाले तर नवे इंजिन बसेल, नाशिक होईल. न मिळाले तर ओटी आहेच, मरेपर्यंत.

"व्हय साहेब. आत व्हतो."

बोलला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. सुकटीची घाण परवडली, असे त्याला वाटले.

"बाई, तुम्हीही आत निजला होता ना?" कर्णिकांनी उगाच विचारायचे म्हणून विचारले.

रंगूने सगुणेला कोपराने ढोसले. सगुणेने मोठ्या दिरासमोर कधी आवाज काढला नव्हता. तिने पदर सावरला.

"नाय."

"म्हणजे?"

"येक रात पन नाय. मना निजू कवा दिलं?" तिचा आवाज चढला. "चार म्हयने घर दारात उबं हाय. मना सगल्यांनी थांबवलं. मी निजले नाय, आन आता निजले म्हनून सांगू? ह्या मेल्या सुकटीला पयली रात दिली. मना नाय."

कर्णिकांनी रुमाल खाली घेतला, धर्माजीकडे एकदा पाहिले, दाव्याचा कागद कोराच मिटला आणि ते लाँचच्या वाटेला लागले.

बुधाजी मग जे बोलला ते लिहिण्याजोगे नाही. सोळा वर्षांची रीत मोडून तो थेट सगुणेच्या तोंडावर बोलला. रंगूने डोके बडवून घेतले. धर्माजी खांबाला टेकून उभा होता. बायकोचा राग त्याला येत नव्हता. आपल्या त्या "व्हय"चा मात्र इतका वीट आला होता, की तिच्याकडे मान वर करून बघवेना.

सगुणा उठली. तांदळाचे सूप तिने रंगूच्या पुढ्यात ठेवले. झाडू, फावडे, विहिरीवरची बादली घेतली आणि ती ट्रकात चढली. उन्हे कलेपर्यंत आतून सुकट, चिखल, फुटक्या गोण्या बाहेर पडत राहिल्या. धर्माजी पाणी ओढून दारापर्यंत देत राहिला. ती बादली घेत होती, रिकामी परत देत होती. शेवटी तिने माजघरातून आपली वाकळ आणली आणि बाकावर अंथरली.

"वास हाय," ती आतून म्हणाली. "जाईल हलूहलू."

मासळीचा वास लाकडातून जात नाही, हे खाडीवरच्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. तिलाही नाही. गाडी आता कुठे जाणार नव्हती, हेही दोघांना कळत होते.

"येव का?" त्याने विचारले.

आत वाकळ सरकल्याचा आवाज झाला.

"ये," ती म्हणाली.

धर्माजीने पायांतल्या वहाणा काढल्या, मागच्या चाकाशी नीट जोडीने ठेवल्या, आणि तो वर चढला.