दोनशे चाळीसावा दिवस

शिरूरच्या एसटी स्टँडमागे मी जावा शिकवतो, कॉम्प्युटरची भाषा. क्लासचं नाव ग्लोबल आणि जागा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरची एक खोली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पोरं कोर्स संपवतात, सर्टिफिकेटला लॅमिनेशन करतात आणि रांजणगावच्या एखाद्या कंपनीत हेल्पर म्हणून लागतात. हे मी फी घेतानाच सांगतो, तरी कुणी परत जात नाही.

ज्ञानेश उलट्या वाटेनं आला. आधी कंपनीत लागला, मग क्लासला. वय चोवीस-पंचवीस. फर्स्ट शिफ्ट सुटली की कारेगावहून मोटारसायकलवर यायचा, अंगावर कंपनीचा निळा शर्ट तसाच. कंपनीत तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस. अशा माणसांना एकच आकडा पाठ असतो, दोनशे चाळीस. तेवढे दिवस सलग भरले की कंपनीला आपल्याला पर्मनंट करावंच लागतं, असं कारेगावातल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीत मानतात. कायद्यात नेमकं काय आहे ते मला विचारू नका. मी जावा शिकवतो.

ज्ञानेशला पर्मनंट व्हायची घाई होती ती पाबळच्या सारिकासाठी. दोघांचं जमलं होतं आणि तिच्या घरी ते माहीतही होतं. तिचे वडील पोपटराव, घरातले आप्पा, फुलांची शेती करणारे, माणूस बरा. पण हल्ली मुलीचा बाप पत्रिकेच्या आधी "पर्मनंट हाय का?" हे विचारतो, तसं त्यांनीही विचारलं. दिवाळीपर्यंत थांबतो, नाहीतर दुसरं स्थळ बघतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं.

इफ, म्हणजे 'असं झालं तर तसं कर', हे शिकवताना मी सगळ्यांना एकच उदाहरण देतो. दुकानाचं बिल घ्या. एकूण हजाराच्या वर गेलं तर त्यातून शंभर कमी करा. बाकीच्यांनी बिल केलं. ज्ञानेशनं दिवस केले. रोज एकूणात एक मिळवायचा, आणि एकूण दोनशे चाळीस झालं तर पडद्यावर 'पर्मनंट' छापायचं. प्रोग्राम चालवला, शब्द उमटला, आणि पोरगं असं हसलं की मी त्याला परत बिल करायला लावलंच नाही.

मग एका मंगळवारी तो भर दुपारी आला, साध्या शर्टात.

"ब्रेक दिला, सर," तो म्हणाला. "गेटवरच पास काढून घेतला. महिन्यानं या म्हणले, नवा पास देतो."

"आणि भरलेले दिवस?"

"ते ग्येले. परत एकपासनं." तो कॉम्प्युटरसमोर बसला. "प्रोग्राममदी तेवढंच टाकायचं राह्यलंय. ब्रेक मिळाला तर एकूण झिरो."

"नुसतं 'मिळाला तर' चालत नाही. कधी मिळतो ते लिही. मशीनला नशीब कळत नाही."

"तसं काय ठरल्यालं न्हाई, सर. पयल्यांदा माल कमी होता. दुसऱ्यांदा कॉन्ट्रॅक्टर बदलला. आन् आता ऑडिट हाय म्हणत्यात."

तीन ब्रेक, तीन कारणं. मास्तरकीची खोड काही जात नाही, मी म्हणालो, "कारणं राहू दे. त्या त्या वेळी एकूण किती होतं, ते बघ."

हजेरीचं ॲप त्याच्या मोबाइलवर होतं. बोटानं तो मागं मागं जात राहिला. माल कमी होता तेव्हा दोनशे दहा. कॉन्ट्रॅक्टर बदलला तेव्हा दोनशे दहा. आणि काल, दोनशे दहा.

मोबाइल त्यानं कीबोर्डशेजारी उपडा ठेवला. मग त्यानं ओळ लिहिली. एकूण दोनशे दहा झालं, तर 'ब्रेक' छाप आणि एकूण शून्य कर. एरवी ओळीच्या शेवटी हमखास विसरतो तो सेमीकोलनही यावेळी विसरला नाही.

"खालची दोनशे चाळीसची ओळ तशीच हाय," तो म्हणाला. "तिला एरर तर येत न्हाई."

"एरर येणार नाही. ओळ बरोबरच आहे."

"मग चालंल का?"

थाप मारावी असं फार वाटलं. "एकूण तिथपर्यंत पोचणारच नाही, ज्ञानेश," मी म्हणालो.

"तरी बी बघू. रिटायर व्हईपर्यंत लावा."

तेच तेच परत करायला लावणारा लूप अजून शिकवला नव्हता, म्हणून मीच लिहिला, तीस वर्षांचा. एंटर त्यानं दाबलं. पडदा झरझर वर सरकला आणि थांबला. वरपासून खालपर्यंत 'ब्रेक', 'ब्रेक', 'ब्रेक'. ज्ञानेशनं माउस हातात घेतला आणि एकेक ओळ बघत पार खाली आला. तांदळातले खडे बघावेत तसं बघत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"तीस वर्सं?"

"हो."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, पण तो काढायचा कुणावर? त्याच्या कंपनीच्या नाहीतर कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात ही दोनशे दहाची ओळ कुणीतरी कधीच लिहून ठेवली असणार. तोही माझ्यासारख्याच कुणाकडं बिलाचं उदाहरण शिकला असेल. तोही पर्मनंट नसेल.

ज्ञानेशनं तिथंच सारिकाला फोन लावला. मी खिडकीकडं तोंड केलं, पण खोली केवढीशी, सगळं ऐकू येत होतं.

"आप्पास्नी सांग, दिवाळीपतूर थांबू नका. दुसरं स्थळ बघा म्हणावं." मग तो थोडा वेळ ऐकत राहिला. ती रडत असावी. "न्हाई गं. कुणी काय बोललं न्हाई मला. कुणी कान बी भरलं न्हाईत. मी सोता चालवून बघितलं."